चूल पेटणार नाही त्या दिवसांचा डबा

इचलकरंजीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मालक यंत्रमागावर कामाला, त्या स्वतः कांड्या भरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी त्यांच्या घरात शिरले आणि सारे कुटुंब आठ दिवस शाळेच्या वर्गात राहिले. त्या वेळी धाकट्याने भुकेने जो आकांत केला, तो त्या अजून विसरल्या नाहीत. यंदा पावसाळ्याआधी थोरल्या मुलाने कुठल्याशा मोठ्या दुकानातून तयार जेवणाची दहा पाकिटे आणली. हजारभर रुपये गेले. "ताई, हे पैसे कारणी लागले की पाण्यात गेले, एवढे सांगा," असे त्यांनी विचारले आहे.

मी त्यांना उलट पत्र टाकले की, पाकिटांवर काय छापले आहे ते जसेच्या तसे लिहून पाठवा. उत्तर आले. दहापैकी चार पाकिटे "रेडी टू ईट" होती, म्हणजे उघडा आणि खा. चारांवर "रेडी टू कुक" लिहिलेले होते. त्यांना उकळते पाणी हवे. उरलेली दोन गुलाबजामच्या पिठाची निघाली! पोराचा हेतू चांगला होता, त्याला रागावू नका. दुकानात ती सगळी एकाच फळीवर मांडलेली असतात आणि चित्रे सारखीच रंगीत असतात.

पण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आपली घरे कुठे आहेत ते बघा. नाल्याच्या कडेला, ओढ्याच्या काठी, नदीच्या पात्राला लागून, गावात गावकुसाबाहेरच्या खोलगट जागी. पाणी पहिल्यांदा आपल्या उंबऱ्यावर येते. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी माझे स्वतःचे सांगते. २००५ साली आम्ही कुर्ल्याला, मिठी नदीपासून थोड्याच अंतरावर राहत होतो. २६ जुलै, मंगळवार. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मागाहून कळले. आम्हाला एवढेच कळत होते की चारच्या सुमारास पाणी घोट्याला होते आणि सहाला कमरेला. लोकल बंद, हे कामावर अडकलेले, तीन मुले माझ्याजवळ. शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार बिऱ्हाडे गोळा झालो.

माझ्या घरात त्या दिवशी काय नव्हते? महिन्याचे सामान नुकतेच भरले होते. वीस किलो तांदूळ, दहा किलो पीठ, डाळ, तेल. माळ्यावर असल्यामुळे त्यातले अर्धे कोरडेही राहिले. पण शेगडी पाण्याखाली, सिलिंडर आडवा होऊन तरंगतोय, काड्यापेटी भिजलेली, नळाला पाणी नाही. घरात धान्य होते, जेवण नव्हते. मुलांना मूठभर कोरडे तांदूळ चावायला देऊन बघितले. धाकटीने थुंकून टाकले.

त्या माळ्यावर एक काका राहत. स्टेशनबाहेर पाटी घेऊन चणे, शेंगदाणे, कुरमुरे विकायचे. ते त्या दिवशी घरीच होते आणि त्यांचे दोन डबे भरलेले होते. मावशींनी वर्तमानपत्र अंथरले आणि प्रत्येक पोरापुढे एकेक मूठ ठेवली. अकरा मुले दोन रात्री त्या दोन डब्यांवर निघाली. हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुळावरून चालत घरी पोचले, त्यांनाही मावशींनी आधी मूठभर फुटाणेच दिले. त्या दिवसाचा धंद्याचा माल गेला म्हणून त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून कोणताही पदार्थ संकटाच्या डब्यात ठेवण्याआधी मी स्वतःला विचारते: हे विस्तवाशिवाय खाता येईल का? याला पाणी किती लागेल? अंधारात, उभ्याने, एका हाताने तोंडात टाकता येईल का? दात नसलेल्या सासूबाईंना आणि दोन वर्षांच्या लेकराला चालेल का? नूडल्स, शेवया, रवा, साबुदाणा, खिचडीचे तांदूळ हे पहिल्याच प्रश्नाला बाद होतात. आणि तहान वाढवणारे पदार्थही बाद. शेव, फरसाण, तिखट चिवडा ही आपल्याकडची आवडीची चीज, पण प्यायच्या पाण्याचे हाल असताना खारट खाऊन घसा कोरडा करून घेण्यात शहाणपणा नाही. शिवाय तेलकट पदार्थ तीन-चार आठवड्यांत खवट होतात.

आता त्या पाकिटांविषयी. तयार जेवणाचे पाकीट म्हणजे काहीतरी औषध घालून टिकवलेले अन्न, असा पुष्कळ बायकांचा समज आहे. तसे असेलच असे नाही. जाड प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे थर एकावर एक चिकटवून ती पिशवी बनवतात. शिजवलेले अन्न आत भरून तोंड बंद करतात आणि मग भरलेली पिशवीच प्रचंड मोठ्या कुकरसारख्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. आतले जंतू मरतात, बाहेरचे आत शिरू शकत नाहीत. म्हणून फ्रीज नसला तरी ते वर्षभर टिकते. आपल्या देशात हे तंत्र सैनिकांसाठी विकसित झाले, म्हैसूरला १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत, आणि तिथून ते खासगी कारखान्यांकडे गेले. सीमेवरचा जवान ते खातो, तेव्हा आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. अन्न आधीच शिजलेले असल्याने गार खाल्ले तरी चालते. गरम करायची सोय असेल तर बंद पाकीट उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवावे. विस्तवावर थेट धरू नये.

तरीही माझे मत विचाराल तर सारा भार पाकिटांवर टाकू नका. कारण सांगते. डाळीचे एक पाकीट पावणेतीनशे-तीनशे ग्रॅमचे असते आणि त्यात उष्मांक साधारण तीनशे-साडेतीनशे. नेमका आकडा मागे छापलेला असतो, तो वाचा. म्हणजे दहा पाकिटांचे मिळून तीन-साडेतीन हजार. एवढे उष्मांक एक किलो पोह्यांत मिळतात आणि पोह्यांची किंमत तुम्हाला माहीत आहे. शिवाय नुसती डाळ किंवा पनीरची भाजी खाणार कशाशी? पोळी कुठून आणणार? घ्यायचेच तर खिचडी, पुलाव, सांबारभात असे एका पाकिटात पोट भरणारे घ्या. म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, लहान मुलांसाठी अशी तीन-चार पाकिटे जवळ असणे मात्र खरोखर उपयोगाचे, कारण ती मऊ असतात आणि त्यांना पाण्याचा थेंबही लागत नाही. त्यात मीठ बरेच असते, तेव्हा रक्तदाबाच्या माणसाला सारखे देऊ नका.

पाकीट घेताना हिरवा-तांबडा रंग पाहून घेऊ नका. आधी "रेडी टू ईट" हे शब्द शोधा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बरोबर न्या. मग तारीख. "यूज बाय" किंवा "एक्सपायरी" म्हणजे त्या तारखेनंतर खायचे नाही. "बेस्ट बिफोर" म्हणजे तोवर चव आणि कस उत्तम, मग उतरणार. स्वस्तात दोनावर एक फुकट मिळते तिथे बहुधा तारीख जवळ आलेली असते. वर्षभर ठेवायच्या मालासाठी ती स्वस्ताई महाग पडते. चौदा आकडी परवाना क्रमांक आहे ना, तेही बघा. फुगलेले, चिरलेले, कडेने ओलसर झालेले पाकीट घेऊ नका. घरात फुगले तर चव घेऊनसुद्धा बघू नका, सरळ फेका.

आता आपल्या घरातल्या वस्तूंकडे येते, कारण खरी भरवशाची शिदोरी तिथेच आहे.

पहिला मान सातूच्या पिठाचा. एक किलो गहू पाण्याचा हात लावून थोडे ओलसर करावेत, तासाभराने कांडून कोंडा पाखडावा, वाळवून खमंग भाजावेत. अर्धा किलो पंढरपुरी डाळं नुसते गरम करून घ्यावे. दोन्ही गार झाल्यावर चमचाभर जिरे घालून गिरणीतून बारीक दळून आणावे. गिरणीवाल्याला सांगा, बेसनानंतर घाल, मसाल्यानंतर नको. नाहीतर लेकरू मिरचीच्या ठसक्याने बेजार. खाताना वाटीभर पिठात गूळ आणि स्वच्छ पाणी कालवले की झाले. गहू आणि हरभरा एकत्र आल्याने ताकद चांगली, दात लागत नाहीत, चूल लागत नाही. आमच्या आजीच्या काळात शेतावर जाताना पंचाच्या टोकाला हेच बांधून नेत. आता मुले त्याला गावंढळ म्हणतात. म्हणू देत.

पातळ पोहे गार पाण्यात मऊ होतात. जाड पोहे तितके होत नाहीत, म्हणून पातळच घ्या. कुरमुरे हलके, पण जागा फार खातात. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ ही तिघे जण तर जिवाला जीव देणारी. मधुमेही माणसाला बिस्किटांपेक्षा फुटाणे केव्हाही बरे. शेंगदाणे भाजले की लवकर खवट होतात, तेव्हा ते दीड-दोन महिन्यांनी बदलायचे. बुरशी लागलेला शेंगदाणा धुऊन, निवडून वापरू नका, त्या बुरशीचे विष भाजूनही जात नाही. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर परवडेल तसे.

सोलापूरकडच्या भगिनींना कडक भाकरीचे काय सांगायचे! पातळ थापलेली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी मंद आचेवर पापडासारखी वाळवली की महिना-दोन महिने सहज राहते. माझ्या सासूबाई त्याच बाजूच्या. त्या आल्या की पन्नासेक भाकरींची चवड करूनच गावी जातात, आणि जोडीला शेंगदाण्याची चटणी. दशमी मात्र या डब्यात नको. दूध घातलेली दशमी प्रवासाला दोन दिवस ठीक, त्यापुढे नाही.

किती ठेवावे? आपत्तीच्या वेळी पहिले तीन दिवस आपल्या बळावर निघावेत असे धरून चालावे. पाच माणसांच्या घराला एक किलो सातूचे पीठ, एक किलो पातळ पोहे, एक किलो गूळ, अर्धा किलो फुटाणे, अर्धा किलो शेंगदाणे, अर्धा किलो बिस्किटे. साडेचार किलो वजन, एका पिशवीत मावते आणि एक बाई ते खांद्यावर घेऊन जिना चढू शकते. हिशेब केला तर माणशी रोज बाराशे उष्मांकांच्या जवळपास बसतात. कष्ट करणाऱ्याला दोन हजारांवर लागतात, म्हणजे हे पोटभर नाही. पण अंगात त्राण राहते आणि मुले रडत झोपत नाहीत. एवढे एकदम घेणे जड जात असेल तर दर पगाराला एक जिन्नस घ्या. पाच-सहा महिन्यांत डबा भरतो.

पाण्यावाचून हे सारे फोल आहे. माणशी रोज तीन लिटर धरले तर पाच जणांना तीन दिवसांचे पंचेचाळीस लिटर होते. दहा बाय दहाच्या खोलीत एवढे कायम ठेवा असे मी म्हणणार नाही. पण पावसाळ्यात झाकणाचा एक कॅन भरलेला असू द्या, दर दोन दिवसांनी बदला. नदी वाढल्याची बातमी आली की हातातले काम टाकून घरातली सगळी झाकणाची भांडी भरा. क्लोरीनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात. पाकिटावर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबायचे, मग प्यायचे. पाणी गढूळ असेल तर आधी चार पदरी सुती कापडातून गाळायचे. डब्यात थोडी साखर आणि मीठही असू द्या. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ हात सैल सोडून घालू नका.

अंगावर पिणारे मूल असेल तर आईने पाजणे थांबवू नये. घाबरल्यामुळे दूध आटते असे आजूबाजूच्या बायका सांगतील. त्यांचे ऐकू नका, मूल लावत राहिले की दूध येत राहते. पुराच्या पाण्यात बाटली धुऊन पावडरीचे दूध देणे म्हणजे दुखणे विकत घेणे. आईला मात्र सातूचा पहिला वाटा द्या.

ठेवण्याची रीत. पावसाळी हवेत सगळे सादळते. प्रत्येक जिन्नस कडकडीत उन्हात वाळवून, पूर्ण गार करून, मग घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम भरले की आत घाम सुटतो आणि बुरशी येते. मोठ्या डब्यात एकत्र भरण्यापेक्षा एका वेळेचा ऐवज लहान लहान पिशव्यांत बांधा, म्हणजे ओल्या हाताने सारखा सारखा डबा उघडावा लागत नाही. पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्याला उंदीर-घूस दात लावू शकत नाहीत, प्लॅस्टिकला लावतात. रॉकेलची बाटली, फिनेल, साबण, उंदरांचे औषध यांच्या शेजारी हा डबा कधीही नाही. गॅसजवळ, पत्र्याच्या छपराला टेकूनही नाही, उष्णतेने तेल सुटते.

जागा उंच हवी, आणि दाराकडची हवी. माळ्यावर मागच्या कोपऱ्यात गाद्यांखाली ठेवलेला डबा पळताना हाती लागत नाही. आमचा डबा दाराजवळच्या खुंटीला पिशवीत टांगलेला असतो. त्याच पिशवीत चमचा, पेला, चाकू, टॉर्च, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेच्या पुस्तकाच्या प्रती.

इतके करूनही पाणी डब्यापर्यंत पोचलेच, तर जीव कितीही तुटला तरी पुराचे पाणी लागलेले धान्य, पीठ, बिस्किटांचे पुडे फेकून द्या. त्या पाण्यात गटार, संडास, मेलेली जनावरे सगळे मिसळलेले असते. फिरकीच्या झाकणाच्या बरणीतला मालही धरू नका, आट्यांतून पाणी आत जाते. इथे मात्र ते पत्र्याच्या थराचे पाकीट आणि कारखान्यातून बंद होऊन आलेला डबा कामाला येतो. न फुटलेला, न फुगलेला असेल तर साबणाने धुऊन, मग ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून, कोरडा करून उघडता येतो. म्हणून तर म्हटले, तीन-चार पाकिटे असू द्यावीत.

एक गोष्ट राहून जाता कामा नये. डबा ठेवला म्हणून मदतीवरचा आपला हक्क संपत नाही. २००१ सालचा गुजरातचा भूकंप घ्या किंवा २००४ सालच्या त्सुनामीनंतरचे तमिळनाडू, दलित वस्त्यांना मदत उशिरा, कमी किंवा वेगळी काढून मिळाली, हे मानवी हक्कांचे काम करणाऱ्यांनी तिथे जाऊन नोंदवून ठेवले आहे. २०१९ च्या पुरात आपल्या सरकारने कुटुंबामागे दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ जाहीर केले. धान्य हवेच, ते सोडू नका. पण ज्याची चूल वाहून गेली त्याला गहू कच्चे खाता येत नाहीत. तेव्हा छावणीत तयार अन्न आणि पिण्याचे पाणी मागा, पंचनाम्यात आपले नाव नीट लिहिले आहे का ते बघा, आणि रांगेत ताटकळत उभे राहावे लागले तर निदान लेकरू उपाशीपोटी कडेवर नसावे. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी चढले, तेव्हा बाजारपेठेतली दुकानेही बुडाली. खिशात पैसे होते त्यांनाही विकत काय घ्यावे हा प्रश्न होता.

इचलकरंजीच्या भगिनीला माझे सांगणे असे: चार पाकिटे ठेवा. चार "रेडी टू कुक" ची एकेक करून रात्रपाळीच्या दिवशी वापरून टाका. गुलाबजाम या रविवारी करा, थोरल्याला आधी वाढा. उरलेल्या डब्यासाठी पुन्हा हजार रुपये लागणार नाहीत.

माझ्या डब्याचे सांगायचे तर बुद्ध पौर्णिमेच्या साफसफाईत तो पहिल्यांदा रिकामा करते, नवा माल भरते, झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिते. जुने खराब व्हायच्या आत घरातच खाऊन संपते. मग दर पौर्णिमेला एकदा उघडून वास घेते. चिक्की दर वेळी मोजून ठेवल्यापेक्षा दोन-तीन कमीच भरते. नातवंडांची उंची खुंटीपर्यंत पोचली आहे.

आपापल्या भागात चुलीशिवाय खाता येणारे आणि महिनाभर टिकणारे कोणते पदार्थ करतात, ते मापासकट पत्राने कळवा. कोकण आणि विदर्भातल्या भगिनींनी विशेष करून. आलेली पत्रे याच जागी छापू.